वारावर जेवलेली मुलगी

बी.कॉम.ची तीन वर्षं मी हैदराबादेत लोकांच्या घरी फुकट जेवले. हे ऐकून ज्यांना माझा हेवा वाटतो त्यांना मी आधीच सांगते, माझ्या जागी एक आठवडा काढून दाखवा, मग बोला. पैसे वाचवायला माणसं काय काय करतात. कुणी बसऐवजी पायी जातं, कुणी कोठीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं घेतं. मी रोज संध्याकाळी एका वेगळ्या घरी दिवसाचं एकच जेवण जेवायला जायची आणि तिथल्या लोकांना सून म्हणून पसंत पडून परत यायची. जेवणाबरोबर तेही फुकटच होतं.

ही अक्कल मुळात वडिलांची. आमचं गाव मराठवाड्यात, पार सरहद्दीला लागून. तिथून मुंबई-पुणं लांब आणि हैदराबाद एका रात्रीच्या गाडीवर. वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या लहानपणी शिकायचं तर हैदराबादलाच जावं लागायचं, आणि गरिबाच्या पोरानं तिथे वारावर जेवायचं. वार म्हणजे काय ते हल्ली समजावून सांगावं लागतं. सात बरी घरं गाठायची, प्रत्येकानं आठवड्यातला एकेक वार वाटून घ्यायचा. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असं करत पोरगं आठवडा काढायचं. पैसे नाहीत, हिशेब नाही, उपकाराची भाषा नाही. वडील असे वारावर जेवून मॅट्रिक झाले होते आणि त्याचा त्यांना भलता अभिमान होता. लोक आपण कुठे शिकलो ते सांगतात, वडील आपण कुणाकडे जेवलो ते सांगायचे.

मी कॉलेजला जायची वेळ आली तेव्हा भाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याची फी भरून जे उरायचं त्यात माझ्या हॉस्टेलचं भाडं कसंबसं निघत होतं, मेसचे पैसे निघत नव्हते. मी मेसचं नाव काढलं तेव्हा वडील पेपर वाचत होते. ते म्हणाले, देशानं सोनं गहाण टाकलंय आणि तुला मेस पाहिजे? त्या सोन्याचा आणि माझ्या जेवणाचा काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या दिवसांत वडील सगळ्याच गोष्टींचा संबंध देशाशी लावत होते. साबण महाग झाला की देश, भावाची चप्पल तुटली की देश. पेपर खाली ठेवून त्यांनी हैदराबादेतल्या सात ओळखीच्या मराठी घरांना पत्रं टाकली.

आई भडकली. तरुण पोरगी लोकांच्या दारोदार जेवत फिरणार, मला थोबाड दाखवायला जागा उरणार नाही, असं तिनं दोन दिवस भांडी आपटत सांगितलं. शेवटी त्यांच्यात तह झाला. सातही वार लागले तरच पोरगी जाणार. आणि तिथे एक दिवस जरी ती उपाशी राहिली असं कळलं, तर त्याच गाडीनं तिला परत आणायचं, शिक्षण बंद करायचं आणि समोर असेल त्या स्थळाला होकार द्यायचा. वडिलांनी देवाजवळ उभं राहून आईला तसा शब्द दिला. माझे वडील शब्दाचे इतके पक्के होते, की त्या माणसाबरोबर संसार कसा करायचा ते आईलाच माहीत. सातही घरांचे होकार आले आणि मी ट्रंक घेऊन निघाले.

आता मंगळवारचं सांगते, कारण सगळा घोळ मंगळवारानं केला. मंगळवारचं घर माझ्या हॉस्टेलपासून जवळ, कोठीच्या मागच्या गल्लीत होतं. वडिलांचे जुने स्नेही आणि त्यांची बायको, दोघंच. पहिल्या मंगळवारी त्यांनी मला भरल्या वांग्याची भाजी वाढली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या मंगळवारी दाराला कुलूप. शेजारच्या बाई सज्ज्यातून म्हणाल्या, "वो लोगां बडोदे को चले गए, बेटे के पास. अब नै आते." आठवड्यापूर्वी पाठीवरून हात फिरवणारी माणसं! त्यांनी मला सांगितलं नाही आणि वडिलांनाही कळवलं नाही. दिलेला शब्द मोडल्याची लाज वाटली असणार. आमच्या लोकांना शब्द मोडण्यापेक्षा गाव सोडणं सोपं वाटतं.

मी त्या दारासमोर उभी होते आणि पोटात कावळे ओरडत होते. वडिलांना कळवलं तर ते आईला सांगणार, आई देवाजवळचा शब्द काढणार, आणि पुढच्या आठवड्यात मी गावी पोहे करत बसणार. म्हटलं, आठवड्यात एकच दिवस आहे. एका दिवसानं कुणी मरत नाही. हॉस्टेलवर येऊन मी पाणी प्यायले आणि झोपले.

बुधवारचं घर होतं नव्या केबलवाल्यांचं. म्हणजे त्यांनी नवी केबल घेतली होती, आणि घरातली सगळी माणसं टीव्हीकडे तोंड करून ओळीनं जेवायची. कोण काय खातंय, किती खातंय, कुणाचं लक्ष नसायचं. उपाशी माणसाला याहून चांगलं घर मिळणार नाही. पण त्या बुधवारी लाईट गेले. अंधारात त्या घरच्या काकूंनी मेणबत्ती लावली आणि माझं ताट पाहिलं. त्यांनी विचारलं, काल काही खाल्लं नव्हतंस का ग? मी तोंडातला घास गिळून सांगितलं, काल मंगळवार होता ना, माझा उपास असतो.

देवाशपथ, त्याआधी मी आयुष्यात उपास केलेला नव्हता. घरी एकादशीला मी आईच्या वाटीतले शेंगदाण्याचे लाडू चोरायची. पण त्या एका वाक्यानं मी हैदराबादच्या मराठी समाजात रातोरात नावाजली गेले. पुढच्या हळदीकुंकवाला सगळीकडे तेच. कॉलेजात शिकते, हॉस्टेलला राहते आणि तरी मंगळवार धरते. या काळात! काळ खरोखर तसा होता. रस्तोरस्ती थंड पेयांच्या पाट्या लागल्या होत्या, पोरी जीन्स घालत होत्या, घराघरांत परदेशी चॅनेलं नाचत होती. सगळ्या आया घाबरून गेल्या होत्या आणि त्यांना एक उपाशी मुलगी सापडली होती.

एकीनं मला विचारलं, फराळ करतेस की नुसत्या पाण्यावर? माझी जीभ झडो, मी म्हणाले, नुसत्या पाण्यावर. कशासाठी म्हणाले असेन? माज, दुसरं काय. फराळ म्हटलं असतं तर तीन वर्षं दर मंगळवारी कुणी ना कुणी साबुदाण्याची खिचडी स्कूटरवरून पोचवली असती. आता मला फक्त अंगारकीचा आधार उरला. अंगारकीला चंद्रोदयानंतर उपास सोडायला लोक बोलवायचे, मोदक असायचे. अंगारकीची वाट मी जितकी पाहिली तितकी देवळाबाहेरच्या फुलवाल्यांनीही पाहिली नसेल. पण मेली वर्षातून एक-दोनदाच यायची.

त्यात गुरुवारचं घर दत्तभक्तांचं. तिथे गुरुवारी सगळ्या घरालाच उपास. वडिलांनी पत्रं टाकताना एवढं तरी विचारायचं. ती माणसं चांगली होती, मला वरीचे तांदूळ आणि आमटी वाढायची, पण मंगळवारी पाणी आणि गुरुवारी वरी, अशानं मी बुधवारी आणि शुक्रवारी एवढी जेवायची की वाढणाऱ्याचा हात थांबायचा. उरलेली घरं बरी होती. सोमवारी नामपल्लीला कापडाच्या दुकानवाल्यांकडे आंबट पप्पू, म्हणजे तिकडचं वरण, आणि भात मिळायचा. तिथल्या आजी मूळच्या आमच्याच भागातल्या, पण इतकी वर्षं हैदराबादेत काढून त्यांची मराठी अर्धी दखनी झाली होती. त्या "और थोडा घे की माय, नक्को नक्को काय करायली" म्हणत ताटात भात ओतायच्या. शनिवारी एका डॉक्टरांकडे बिनतेलाच्या भाज्या असायच्या. रविवारी जिथे जायची तिथल्या पोरांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या आजोबांनी पाठवलेला दिवाळी अंक मी जेवणानंतर मोठ्यानं वाचायचा आणि पोरांनी झोपी जायचं.

हे सगळं चाललं असतं. पण दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक घरात कुणाचा तरी भाचा निघू लागला. मी जेवायला बसले की समोर एक अनोळखी बाई येऊन बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मग हळूच गोत्र विचारायची. डॉक्टरीणबाईंचा सोलापूरचा पुतण्या, केबलवाल्यांच्या बहिणीचा मुलगा, दत्तभक्तांच्या ओळखीचे एक विधुर. जेवणाच्या नावाखाली आठवड्यातून सहा दिवस मला दाखवायचा कार्यक्रम होत होता. आणि वडिलांचं आईशी त्या तहात हेही ठरलं होतं, चांगलं स्थळ आपण होऊन चालत आलं तर नाही म्हणायचं नाही. मला डिग्री पाहिजे होती. मला बँकेत नोकरी पाहिजे होती, स्वतःची खोली, स्वतःचा स्टोव्ह, आणि त्यावर मंगळवारी शिजणारा भात पाहिजे होता. उगीच मोठ्या गोष्टी सांगत नाही, खरंच भात डोळ्यांसमोर यायचा.

तेव्हा मी ठरवलं, आपण नावडतं व्हायचं. पण जपून, कारण फारच नावडलं तर तो वार जायचा आणि पोट जायचं. लोकांना मी जेवायला आवडले पाहिजे आणि सून म्हणून नावडले पाहिजे, असं काहीतरी साधायचं होतं. मी सुरुवात पोळ्यांपासून केली. डॉक्टरांकडे लाटायला बसले आणि मुद्दाम वेड्यावाकड्या लाटल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिकणाऱ्या मुलीला सवय कुठून असणार, प्रांजळ आहे हो. भावाचा जुना शर्ट घालून केबलवाल्यांकडे गेले, तर त्यांची बहीण म्हणाली, शहरात वावरायला अशीच धीट पाहिजे. रविवारी मी सरकारच्या नव्या धोरणावर घरातल्या पुरुषांशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, हुशार आहे. मी जेवताना भुरके मारले, तर नामपल्लीच्या आजींनी मला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला. काय करावं माणसानं? देश खुला झाला होता आणि त्याच्याबरोबर लोकांची मनंही इतकी खुली झाली होती की माझा एकही दुर्गुण त्यांना दिसेना. एवढं करून काही खुपलंच, तर कुणीतरी आठवण करून द्यायचं, अहो, पण मंगळवार किती कडक धरते.

आणि मग शुक्रवारचं घर. ते कुकटपल्लीला, पार शहराच्या टोकाला, बसनं जाता-येता माझी संध्याकाळ संपायची. पुण्याहून आलेली माणसं, काका कॉम्प्युटरच्या कंपनीत. चौथ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट, दिवाणखान्यात कॉम्प्युटर, त्याच्यावर झालर लावलेला अभ्रा. काकू गोड बाई होत्या. त्यांच्या सासूबाईही तिथेच असत. या सासूबाईंना माहीत नाही अशी रीत जगात नव्हती, निदान त्या तसं कबूल करत नसत. तेलंगणातल्या शेजारणीला तिच्याच बतुकम्माच्या सणाची फुलं कशी रचायची ते या पुण्याहून येऊन सांगत होत्या, आणि ती बिचारी ऐकून घेत होती.

या घरातला धाकटा दीर अमेरिकेत होता. मी तिसऱ्या वर्षाला असताना तो लग्न करायला म्हणून आला. रजा दोन आठवड्यांची. तेवढ्यात मुलगी बघायची, लग्न करायचं आणि परत जायचं. त्या काळी अमेरिकेतली मुलं असंच लग्न करायची, आपण दिवाळीची खरेदी करतो तसं. काकूंनी मला न विचारता थेट वडिलांना पत्र टाकलं. हुंडा नको, मानपान नको, मुलीचं तिकीट आम्ही काढू. मंगळवारी या, बाकीचे दिवस मुलगा इतर ठिकाणी जातोय.

परीक्षेला चार महिने होते.

वडील सकाळच्या गाडीनं उतरले ते इस्त्रीचा सदरा घालून. एरवी ते रविवारी यायचे, कारण रविवारी कचेरी बंद, आणि मला स्टेशनवरच भेटून संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. मंगळवारी ते हैदराबादेत कधी आलेच नव्हते. कुकटपल्लीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, चार महिन्यांनी केलं तर? ते म्हणाले, चार महिन्यांनी तो मुलगा इथे असणार आहे का? मग म्हणाले, डिग्री तिकडेही मिळते. आणि शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, एवढी बचत मला सात जन्मांत जमायची नाही." ते खोटं बोलत नव्हते. माझ्या लग्नासाठी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा ठरवलं होतं, तो वाचणार होता. तीन वर्षं मी घरोघरी जेवून जे वाचवलं, ते या एका होकारापुढे काहीच नव्हतं. मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्या सदऱ्याची झिजलेली कॉलर दिसून त्यांची कीवही आली, दोन्ही एकदम.

काकूंनी टेबल भरून ठेवलं होतं. बटाटेवडे, श्रीखंड, मसालेभात, चिरोटे. वडिलांना बसवलं, काका बसले, तो दीर बसला. तो अजून अमेरिकेच्या घड्याळावर होता, डोळे मिटत होते, मधेच दचकून जागा व्हायचा. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला ड्रायव्हिंग येतं का. मी नाही म्हटलं, तो बरं म्हणाला आणि पुन्हा त्याची मान कलली. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. मला वडिलांच्या शेजारी बसवलं आणि माझ्यासमोर काकूंनी एक भांडं पाणी ठेवलं.

वडिलांनी वडा हातात घेतला आणि म्हणाले, हिला वाढा की. काकू हसल्या. म्हणाल्या, अहो, तुम्हाला वेगळं सांगायचं का? "आज मंगळवार ना. तीन वर्षं झाली, एक मंगळवार चुकवला नाही तिनं. नुसत्या पाण्यावर. असे संस्कार आजकाल कुठे बघायला मिळतात?"

वडील म्हणाले, "मंगळवारी?"

मंगळवारी मी कुठे जेवते ते त्यांना पाठ होतं. कोठीला, त्यांच्या स्नेह्यांकडे, भरली वांगी. दर पत्रात मी त्या स्नेह्यांचा नमस्कार कळवायची. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या भांड्याकडे पाहत होते. आता हे ओरडतील, सगळ्यांसमोर विचारतील, आणि मग देवाजवळचा शब्द, परतीची गाडी, सगळं इथेच या चिरोट्यांसमोर होणार, असं मला वाटलं. काकू पुढे बोलतच होत्या. हॉस्टेलच्या इतर मुली कशा वडापाव खात हिंडतात आणि ही कशी चेहऱ्यावर काही दाखवत नाही, मागच्या श्रावणात चक्कर येऊन हॉस्टेलच्या जिन्यात बसली होती तरी उपास मोडला नाही. श्रावणातलं ते मी विसरूनही गेले होते. वडिलांनी हातातला वडा ताटात परत ठेवला.

काकांनी विषयाला हात घातला. म्हणाले, मग आमच्याकडून तर होकारच आहे, तुमचं काय ते सांगा.

वडिलांनी पंच्यानं तोंड पुसलं. काही खाल्लं नव्हतं तरी पुसलं. म्हणाले, "स्थळ लाखात एक आहे. पण आमच्यात एक रीत आहे. वारावर ज्या घरी जेवलो, त्या घराशी सोयरीक करत नाहीत. तुम्ही जेवू घातलंत, ती लेक झाली तुमची. लेकीला सून कसं करून घेणार?"

अशी रीत नाही. कधीच नव्हती. वडिलांच्या तोंडून वाराच्या हजार गोष्टी ऐकून मी मोठी झाले, त्यांत ही कधी आली नव्हती. माझे वडील, जे पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावरही खोटं लिहीत नसत, ते त्या संगमरवरी दिवाणखान्यात सरळ बसून थाप मारत होते. काकू गोंधळल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी आपल्या आईकडे पाहिलं. आता सासूबाई म्हणणार, असलं काही नसतं हो, आणि संपलं.

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनी ही रीत उभ्या जन्मात ऐकलेली नव्हती, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण पुण्याच्या बाईला एक रीत माहीत नाही आणि मराठवाड्यातल्या कारकुनाला माहीत आहे, हे कसं चालेल? त्या ठासून म्हणाल्या, "बरोबर आहे. असंच असतं. मी यांना आधीच सांगणार होते."

पोटच्या पोराचं जमत आलेलं लग्न त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं मोडलं. मुलगा दचकून जागा झाला आणि ठरलं का, म्हणून त्यानं विचारलं.

एवढ्यावर थांबलं नाही. सासूबाईंनी ती रीत पुढच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगितली, शिवाय स्वतःच्या आजोळची दोन उदाहरणं देऊन. महिन्याभरात सहाही घरांतले भाचे-पुतणे आपोआप बाजूला झाले. सगळ्या घरांची मी लेक झाले. परीक्षेच्या दिवसांत डॉक्टरीणबाई स्वतः डबा घेऊन हॉस्टेलवर आल्या, नामपल्लीच्या आजींनी पास झाल्यावर लुगड्याच्या घडीतून काढून मला इरकल नेसवली. अगदी हल्ली एका लग्नात एक पोक्त बाई मला गंभीरपणे समजावत होत्या की आपल्यात वारावर जेवलेल्या घराशी सोयरीक करत नाहीत, फार जुनी चाल आहे. मी हैदराबादी थाटात हौ म्हटलं.

पण त्या दिवशी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं लिफ्टनं खाली आलो, बस धरली. नामपल्लीला उतरलो, वडिलांची गाडी तिथूनच होती. ते स्टेशनात शिरायच्या ऐवजी समोरच्या हॉटेलात शिरले. वडील हॉटेलात! भजी विकत घेणाऱ्यालाही ते उधळ्या म्हणायचे. त्यांनी एक फुल मील्स सांगितलं, एकच, आणि पान माझ्यासमोर सरकवलं. मी म्हटलं, तुम्हीही सकाळपासून काही खाल्लं नाही. वाढप्यानं भात वाढला, त्यावर पप्पू, तूप, लोणचं. भाताची वाफ माझ्या तोंडावर आली आणि मला रडू यायला लागलं. भूक लागली होती म्हणून की भीती उतरली म्हणून, मला कळत नव्हतं.

"कोठीचं घर केव्हापासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दुसऱ्याच आठवड्यापासून.

ते मान खाली घालून टेबलावरची मीठदाणी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मला कळवायचं नाही का ग?"

"कळवलं असतं तर तुम्ही मला परत नेलं असतं."

आता ते नाही म्हणतील, तसं नसतं केलं म्हणतील, असं मला वाटलं. निदान म्हणावं, असं फार वाटलं.

"हो," वडील म्हणाले. "नेलं असतं."

मग त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि माझ्या पानाकडे बोट दाखवलं. त्यानं भात आणला, मी कालवला, संपवला, त्यानं पुन्हा आणला. वडील समोर बसून मी खात होते ते बघत होते. बाहेर त्यांच्या गाडीची घोषणा झाली, तेलुगूत झाली, हिंदीत झाली. मी म्हटलं, बाबा, गाडी. ते म्हणाले, तू जेव.